पालखीच्या वाटेने बंब

नगरपरिषदेत नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं की सरकारी वस्तू विकत घेणं म्हणजे दुकानात जाऊन वस्तू दाखवायची, भाव करायचा आणि पिशवीत घालून घरी यायचं. भांडार विभागात बसायला लागल्यावर कळलं, की आम्ही वस्तू विकत घेतच नाही. आम्ही वस्तूचं वर्णन करतो. वर्णन वर जातं, वरून शेरा मारून खाली येतं, पुन्हा वर जातं, आणि या खालीवर होण्यात एखादे दिवशी वस्तू आपली आपण दारात येऊन उभी राहते. खुर्च्यांपासून जंतुनाशक पावडरीपर्यंत सगळ्यांची वर्णनं मी केली आहेत. माझ्या वर्णनावरून लग्न जमावं इतका माझा हात बसला होता. आणि मग आमच्या गावाने आगीचा बंब घ्यायचं ठरवलं.

त्याआधी आमच्याकडे बंब नव्हता असं नाही. पाण्याचा एक टँकर होता, त्याला मागे पंप जोडलेला होता आणि पुढे लाल रंग लावलेला होता. रंग मागपर्यंत पुरला नव्हता. त्याचा चालक निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. आगीची वर्दी आली की तो आधी टँकरला नमस्कार करायचा, मग चावी फिरवायचा, कारण टँकर सुरू होईलच असं नव्हतं. एरवी हा टँकर लग्नाला पाणी पुरवायचा.

आमचं गाव समुद्राला लागून. किनारा, मग एक डांबरी रस्ता, आणि रस्त्यापासून आत सुपारीच्या वाड्यांमधून गेलेल्या पाखाड्या. दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि मधे चिऱ्यांची वाट. समोरून बैलगाडी आली तर गडग्याला पाठ लावून उभं राहायचं. अशाच एका पाखाडीच्या टोकाला आमचं घर. नवरा मुंबईला कंपनीत, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. घरात मी आणि माझे सासरे.

सासऱ्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण बंबाचं खरं कारण तेच. वादळात पडलेली सुपारीची झाडं दूर करताना त्यांचा खुबा मोडला आणि तेव्हापासून ते पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग एवढाच प्रवास करतात, तोही माझ्या खांद्यावर. जीभ मात्र गावभर फिरते. आणि हातात विडी. ही विडी ओढता ओढता त्यांना डुलकी लागते. एकदा गादी पेटली, तेव्हा चुलीवर पेजेचं पातेलं होतं, ते मी तसंच नेऊन त्यांच्या पायाशी ओतलं. गादी विझली. सासरे उठून म्हणाले, "मीठ घातलं व्हतंस काय?" दुसऱ्यांदा उशी पेटली. त्यांना ओरडून काही उपयोग नाही हे मला तेव्हाच कळलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे दोनदा जळून झाला होता.

मी दिवसभर कार्यालयात. शेजारीण येऊन जाऊन असायची, पण प्रत्येक वेळी फोन वाजला की मला आधी ती गादी आठवायची. त्यातच पलीकडच्या पाखाडीत भर दुपारी सुपारी सुकवायचा मांडव पेटला. टँकर डांबरी रस्त्यावरच उभा राहिला, आत येईना. पाइप टाकला तर तो निम्म्यात संपला. लोकांनी विहिरीपासून रांग लावून कळशा पोचवल्या, तोवर मांडव आणि त्याला लागलेला गोठा गेला. गुरं सोडली होती म्हणून बरं. मी त्या रांगेत कळशा देत होते आणि सारखी आमच्या पलंगाचा विचार करत होते. ज्याला पळता येत नाही त्याच्या घरी कळशीने काय होणार?

पुढे बंबाला मंजुरी आली आणि बंबाचं वर्णन करायचं काम माझ्या टेबलावर आलं, तेव्हा मी मनात म्हटलं, हा बंब माझ्या दारापर्यंत येईल असाच झाला पाहिजे. हे सरकारी कर्मचाऱ्याने मनात म्हणायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण प्रामाणिकपणे सांगते, मी गावाचा विचार नंतर केला.

वर्णन नव्याने कोणी लिहीत नाही. आमच्या खात्यात नमुना मागवतात. मी नमुना मागवला तो घाटावरच्या एका मोठ्या शहराकडून आला. त्यात आठव्या मजल्यापर्यंत जाणारी शिडी होती. आमच्या गावात आठ मजले उंच जर काही असेल तर तो माड. शिवाय एका कलमात गिरणी कामगारांच्या चाळी आणि दुसऱ्यात रेल्वे पुलाखालून जाण्याची अट होती. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे पूलही नाही.

नगराध्यक्षांना मात्र हा नमुना फार आवडला. शेजारच्या गावाने नुकताच एक भलामोठा बंब घेतला होता आणि तो त्यांनी स्वातंत्र्यदिनाला मिरवला होता. नगराध्यक्ष मला म्हणाले, "ताई, आपला त्याच्याहून एक चाक जास्त पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, आपल्या पाखाड्यांत आहेत तेवढी चाकंसुद्धा जात नाहीत."

"पाखाडीत कशाला जायचंय? बंब रस्त्यावर उभा राहणार, लोक बघणार!"

मुख्याधिकारी नवीन बदलून आलेले, सज्जन गृहस्थ. ते दोघांचंही बरोबर आहे असं म्हणाले आणि टिपणी तयार करा म्हणाले. म्हणजे लेखणी पुन्हा माझ्या हातात आली.

मी दोन संध्याकाळी विचार केला. गाडीची रुंदी आकड्यात लिहिली तर सभेत तो आकडा कोणीही बदलेल, एका हाताने खोडेल, दुसऱ्या हाताने वाढवेल. असं काहीतरी लिहायला हवं होतं की जे खोडायला कोणाचा हात उठणार नाही. आणि मग मला ग्रामदेवतेची पालखी आठवली. शिमग्यात आमच्याकडे पालखी घरोघर जाते. एकही पाखाडी सोडत नाही, अगदी टोकाच्या घरीसुद्धा येते, आमच्याही. मी शांतपणे लिहिलं: "निविदाकाराने प्रत्यक्ष स्थळपाहणी करावी. ग्रामदेवतेची पालखी गावातील ज्या ज्या वाटांनी जाते त्या सर्व वाटांनी वाहन जाऊ शकले पाहिजे."

सभेत हे कलम वाचलं गेलं तेव्हा मी मान खाली घालून इतिवृत्ताची वही नीट करत होते. नगराध्यक्ष चष्मा काढून पुसू लागले. कोणी विरोध केला असता तर तो बंबाला केलेला विरोध ठरला नसता. सगळ्यांनी हात वर केले. एका सदस्याने तर अनुमोदन देताना हात जोडले. मोठी शिडी आणि जास्तीचं चाक त्या दिवशी गेलं. मी घरी जाताना पाव किलो जिलेबी घेतली. सासऱ्यांनी विचारलं, "कशाची?" मी म्हटलं, "देवाची."

मग निविदा निघाली आणि निविदापूर्व बैठक झाली. तिथे गाड्या बनवणाऱ्या तीन कंपन्यांचे लोक आले. दोघांनी ते कलम वाचून नुसत्या माना डोलावल्या. तिसरा पुण्याकडचा एक जाडजूड, पन्नाशीचा इंजिनिअर होता, त्याने वही उघडली आणि विचारलं, "पालखीची रुंदी किती?"

कोणालाच माहीत नव्हती. देवळात जाऊन मोजावी म्हटलं तर पुजाऱ्याने सांगितलं की पालखी शिमग्याखेरीज बाहेर काढता येत नाही आणि देवाला फीत लावायची नाही. शिमगा दीड महिन्यावर. मुख्याधिकारी म्हणाले, "मुदतवाढ देऊ." सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आमच्याकडे कोणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

शिमग्याला तिन्ही कंपन्यांची माणसं गावात हजर झाली. पालखी निघाली आणि ते मागोमाग, गळ्यात ओळखपत्र आणि हातात फीत. पहिल्या पाखाडीत त्यांनी गडग्यापासून गडग्यापर्यंत माप घेतलं. दुसऱ्या पाखाडीत त्यांच्या तोंडाला गुलाल लागला. तिसरीत दोघांनी माघार घेतली आणि बाजारात जाऊन वडे खाल्ले. त्यातला एक नंतर अलिबागची गाडी पकडूनच गेला. पुण्याचा इंजिनिअर मात्र चिकट. त्याला पालखीवाल्यांनी खांदा द्यायला लावला, तोही त्याने दिला, आणि खांद्यावर पालखी असताना डाव्या हाताने वहीत आकडे लिहिले. ते मी देवळाजवळच्या वळणावर स्वतः पाहिलं आणि मग धावत घरी गेले, कारण पालखी येईपर्यंत दारात रांगोळी आणि ओटीचं ताट तयार हवं.

एवढी वर्षं माझं असंच. पालखी येते तेव्हा मी दारात ताट घेऊन उभी. पाखाडीच्या तोंडाशी काय चालतं ते दारातून दिसत नाही, मधे वळण आहे. ढोल ऐकू येतो, मोठी आरोळी ऐकू येते आणि मग पालखी अंगणात नाचायला लागते. त्या दिवशीही तसंच झालं. फक्त पालखीच्या मागून इंजिनिअर आला, लाल झालेला, आणि ओसरीच्या पायरीवर धपकन बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या पाखाडीच्या तोंडाशी ती पालखी वाटेने येत नाही."

"म्हणजे?"

"चार माणसं दोन्ही गडग्यांवर चढतात. पालखी वरच्या वर झेलतात आणि पलीकडे खाली देतात. खालून खांदेकरी जाऊच शकत नाहीत. तिथून गाडी नाही, गाडीचा फोटो जाईल. आडवा धरला तर."

मी पाहायला गेले. खरंच होतं. आत पाखाडी बरी रुंद, पण तोंडाशी दोन गडगे एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे पुढे आलेले. रोज त्यांच्यामधून मी कार्यालयात जाते, पण मी पडले सडपातळ. करायला गेले गणपती, झाला मारुती. देवाच्या आड लपून मी जे कलम लिहिलं, त्यात माझंच घर अडकलं.

नगराध्यक्षांना हे संध्याकाळीच कळलं. दुसऱ्या दिवशी ते खूश होऊन माझ्या टेबलापाशी आले. "ताई, देवच हवेतून जातो म्हटल्यावर आपण हेलिकॉप्टर घ्यायचं काय? पुढल्या सोमवारच्या सभेत कलम काढून टाकू. आपला जुना नमुना चांगला होता." हे त्यांचं म्हणणं रास्त होतं, हेच त्यातलं वाईट. सोमवारपर्यंत आमची एक पाखाडी मोकळी झाली नाही तर मोठा बंब येणार होता, आणि तो डांबरी रस्त्यावर उभा राहून दिसायला सुंदर दिसणार होता.

उजव्या हाताचा गडगा आमचा. डावा सासऱ्यांच्या चुलतभावाचा. या उजव्या गडग्याची गोष्ट मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच ऐकली होती. दोघा भावांत हातभर जमिनीवरून वाद, तो अलिबागच्या कोर्टात गेला, इतकी वर्षं चालला की आधीचे वकील म्हातारे झाले आणि त्यांच्या मुलांनी पुढे चालवला. शेवटी सासरे जिंकले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हद्दीवर नेमका, सुतात, गडगा घातला. ते स्वतः पालखीचे जुने खांदेकरी. देवाची वाट आपण अडवली हे त्यांना पहिल्याच शिमग्यात दिसलं असणार. त्यांनी गडगा मागे घेतला नाही, पालखी वर उचलायची युक्ती काढली, हे मात्र मला आता कळलं. गावाने ती इतकी मनावर घेतली की आता तरुण पोरं त्या झेलण्याची वाट पाहतात.

मी संध्याकाळी त्यांच्यापुढे बसले आणि सरळ सांगितलं. बंब, कलम, सोमवार, सगळं.

"म्हंजे माझा गडगा मोडायचा?"

"हातभर मागे घ्यायचा, बाबा."

"अलिबागच्या कोर्टानं दिलेला गडगा हाय तो! जज्जानं सही केलीय."

"जज्जसाहेब आग विझवायला येणार आहेत का?"

"आग लागलीच कुठं?"

"तुम्ही आहात ना."

यावर ते माझ्याशी बोलायचे थांबले. मीही तापलेच होते. जेवणाचं ताट मी समोर ठेवायची, ते भिंतीकडे बघून जेवायचे. औषध दिलं की घ्यायचे, पाणी पुरेसं नव्हतं हे भिंतीला सांगायचे. असे तीन दिवस गेले. मी माझ्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पालीच्या गणपतीला नवससुद्धा बोलून झाला. नवस काय होता ते सासऱ्यांना कळलं तर त्यांनी देवाशीही बोलणं सोडलं असतं.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी जेवायला घरी आले तर पाखाडीच्या तोंडाशी धूळ. दोन गडी पहार घेऊन आमचा गडगा उतरवत होते. गडग्याच्या मागे, उन्हात, सासरे खुर्चीवर. त्यांना खुर्चीसकट तिथवर उचलून आणलं होतं ते गड्यांना हाताशी धरून टँकरच्या चालकाने. तो बाजूला उभा राहून निघालेले चिरे रचत होता. आणि वाटेच्या पलीकडे, आपल्या गडग्याआड, चुलत सासरे. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं त्याला माझ्या लग्नाहून जास्त वर्षं झाली होती.

"तो चिरा माझा हाय," चुलत सासरे गड्याला सांगत होते.

"त्याला सांग, निकाल वाच म्हणावं," आमचे सासरे गड्यालाच म्हणाले.

"किती मागं घेतोय तो?"

"हातभर," गडी म्हणाला.

चुलत सासऱ्यांनी आपला गडगा नजरेने मोजला. मग त्यांनी गड्याला हाक मारली. "हे झालं की हिकडं ये. माझा दीड हात काढ. उगाच लोकांनी म्हणायला नको, एकट्यानंच दिला."

सासऱ्यांचा चेहरा पडला. दानातही हरल्यासारखं त्यांना वाटलं असावं. "मग माझा दोन हात काढ!" ते ओरडले. चालक तेव्हा पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, "आता बास करा, बाबा, नायतर घर ऱ्हाणार न्हाय." त्या दोन म्हाताऱ्यांच्या चढाओढीत आमची पाखाडी अशी रुंद झाली की सोमवारी इंजिनिअरने पुन्हा मोजली तेव्हा त्याला आपली वही खोटी वाटली.

मी त्या दुपारी सासऱ्यांना विचारलं, की एकदम मन कसं वळलं. ते म्हणाले, "देवाची वाट व्हती." मी म्हटलं, देवाची वाट इतकी वर्षं होती. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे विषय संपला.

कलम राहिलं. निविदा उघडल्या, पुण्याच्या इंजिनिअरची कंपनी ठरली, कारण बाकीच्यांनी पाखाड्या नीट पाहिल्याच नव्हत्या. मग मान्यता, सांगाडा, त्यावर टाकी, पंपाची चाचणी, रंगाची चाचणी. प्रत्येक पायरीला कागद, प्रत्येक कागदाला शेरा. या सगळ्यात वर्ष उलटून गेलं. शेवटी बंब आला. छोटा, नाकेला, टेम्पोपेक्षा थोडा मोठा. नगराध्यक्षांनी नारळ फोडला आणि हळूच मला म्हणाले, "अहो, हा वाढतो का नंतर?" पुढे दोन महिन्यांत तेच प्रत्येक पाहुण्याला सांगायला लागले की पाखाडीत जाणारा बंब ही मूळ कल्पना त्यांची.

पूजा झाल्यावर चालकाने सगळ्या पाखाड्यांत बंब फिरवून पाहायचं ठरवलं. निवृत्तीला त्याचा आठवडा उरला होता. आमच्या पाखाडीत तो शेवटी आला. मी सासऱ्यांना खुर्चीवर बसवून अंगणात आणलं. बंब तोंडाशी थांबला, त्याचे दोन्ही आरसे आत मिटले आणि तो सावकाश आत शिरला. अंगणापर्यंत आला. खुर्चीपासून चार पावलांवर येऊन उभा राहिला. आळीतली पोरं ओरडली.

सासऱ्यांनी तो खालपासून वरपर्यंत पाहिला. पाणी किती मावतं ते चालकाला विचारलं, पाइप कुठवर पोचतो ते विचारलं. चालकाने पाइप उलगडून थेट त्यांच्या खोलीत, पलंगापर्यंत नेऊन दाखवला. मग तो गुंडाळायला गेला आणि आम्ही दोघंच राहिलो.

"आता निर्धास्त ओढा," मी म्हटलं. मला टोमणा मारायचाच होता.

ते हसले नाहीत. "माझं काय," ते म्हणाले. "मी पेटलो तर पेटलो. माझी वरसं झालीत, मला त्याचं काय न्हाय. त्यापायी मी चिरासुदीक हलवला नसता."

"मग?"

"तू घरात असशील तवा पेटलो तर? तू मला टाकून भायेर पळणारी न्हायस. तीन दिस इचार केला. कसाबी केला तरी तू आतच ऱ्हातेस."

मी त्यांच्यावर इतकी वर्षं चिडत आले, अजूनही चिडते. त्यांना सोडून मी बाहेर जाईन का, हा विचार मी स्वतः कधी केला नव्हता. ते म्हणत होते ते खरं होतं. चालक पाइप गुंडाळून होईपर्यंत मी तिथेच खुर्चीला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं.